ठोकळे कोरे, टायर भंगारात: खडकाळ वाटांवर सायकलचा टायर बाजूनेच का फाटतो?

पाऊस उघडला, रानातल्या वाटा जरा सुकल्या की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातले सायकलवाले बाहेर पडतात. कुणी येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे, कुणी वैजनाथच्या डोंगरावर, कुणी जांबोटी ओलांडून कणकुंबीपर्यंत. डांबरी सोडून पाणंदीने, जंगलातल्या जीपच्या रस्त्याने जायचं असेल तर माउंटन बाइक लागते, म्हणजे जाड टायरची, गिअरची सायकल. आणि याच दिवसांत दुरुस्तीच्या दुकानात एक ठरलेला टायर येतो. वरचे रबरी ठोकळे कोरे करकरीत, घेऊन दोन महिनेही झालेले नसतात. पण बाजूला, रिमपासून बोटभर अंतरावर, दोन-तीन सेंटिमीटरची सरळ चीर. कारागीर त्यातून बोट आरपार घालून दाखवतो. गिऱ्हाईक विचारतं, "याला काही होईल का?" टायर पाच-सहा हजारांचा असतो, म्हणून हा प्रश्न जरा हळू आवाजात येतो.

टायर किती टिकेल, हे विकत घेताना आपण ठोकळ्यांवरून ठरवतो. उंच किती, रबर कडक की मऊ, झिजायला किती दिवस लागतील. मोटारसायकलच्या टायरवरून लागलेली ही सवय आहे. डांबरी रस्त्यावर ती बरोबरही आहे. खडकाळ वाटेवर मात्र बरेच टायर झिजून मरत नाहीत, कुशीत सुरा लागल्यासारखे मरतात. त्यामुळे ठोकळे बघून टायर घेणारा चुकीच्या जागी पैसे मोजत असतो. बघायची असते ती बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल.

भिंत केवढी जाड?

सायकलच्या टायरचे तीन भाग. रिममध्ये अडकणारी कडा, जिच्यात तार किंवा घडी घालता येईल असा मजबूत धागा असतो. त्या दोन कडांना जोडणारं नायलॉनच्या धाग्यांचं कापड, ज्याला केसिंग म्हणतात. आणि वरून चढवलेलं रबर. वजन पेलतं, हवेचा ताण झेलतं ते हे कापड. रबर हे त्याच्यावरचं पांघरूण.

हे कापड आपल्या धोतरासारखं उभ्या-आडव्या विणीचं नसतं. एका थरातले सगळे धागे एकाच दिशेला तिरपे, वरच्या थरातले त्याच्या उलट तिरपे. बऱ्याच टायरमध्ये कापड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातं, तिथे कडेला वळसा घालून परत वर येतं आणि ठोकळ्यांखाली एकमेकांवर चढतं. म्हणजे ठोकळ्यांखाली तीन थर होतात आणि बाजूला दोनच. ठोकळ्यांखाली त्याच्यावर पुन्हा काही मिलिमीटर रबर असतं. बाजूला हलक्या टायरमध्ये कापड आणि रबर सगळं मिळून जाडी मिलिमीटरच्या आसपास भरते. तेवढ्यावर माणूस, सायकल आणि पाठीवरची पिशवी असा शंभर किलोचा डोलारा उभा असतो.

बाजू इतकी पातळ ठेवण्यामागे कारण आहे. टायर दगडावरून जाताना दबला पाहिजे, पुन्हा फुगला पाहिजे. बाजू जितकी लवचीक तितकी पकड चांगली, धक्का कमी, पायाला हलकं. जाड केली की सायकल दगडावर चेंडूसारखी उडते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण पैसे देतो, तोच गुण टायरला नाजूक करतो.

चीर पडते तेव्हा आधी दोन-चार धागे तुटतात. त्यांच्यावरचा ताण शेजारच्या धाग्यांवर जातो, तेही तुटतात आणि चीर लांबते. म्हणून छोट्या खोचेकडे दुर्लक्ष करून चार फेऱ्या मारल्या की एका उतारावर टायर एकदम सोडतो.

इथे एक जुना प्रश्न हमखास निघतो. आजोबांच्या काळ्या सायकलचा टायर वर्षानुवर्षं चालला, दूधवाला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून त्याच दगडगोट्यांतून गेला, त्याची बाजू कधी फाटली नाही, ती कशी? तो टायर अरुंद होता, २८ बाय दीड इंची. हवा टम्म भरलेली. रबर जाड, कापड जाडं-भरडं. आणि वेग बेताचा. उतारावर दूधवाला उतरून सायकल हातात धरून चालायचा. आज त्याच उतारावर माणूस तीस-पस्तीसच्या वेगाने, अर्ध्याहून कमी हवेवर, अडीच इंची फुगीर टायरने जातो. टायर दगडावर चढताना बाजूला फुगतो आणि ती फुगलेली बाजू शेजारच्या दगडाला घासते. दोन दगडांच्या फटीतून चाक गेलं किंवा दगडाच्या कडेवरून घसरून खाली आलं, की घाव थेट भिंतीवर.

आपल्याकडचा दगड

सगळे दगड सारखे कापत नाहीत. बेळगावच्या आसपास तासाभराच्या अंतरात तीन जातींचे दगड भेटतात.

पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे आणि चंदगडच्या पठारांवर जांभा. घरं बांधायला जो चिरा वापरतात तोच. खणून काढताना मऊ असतो, उघड्यावर पडला की घट्ट होतो. त्याच्या अंगावर भोकं आणि बोथट टोकं असतात. जांभा टायरला खरवडतो, ठोकळ्यांचे तुकडे काढतो, बाजू सोलतो, पण एका फटक्यात चिरण्याचं प्रमाण त्याचं कमी. पावसात शेवाळ धरल्यावर त्याचा धोका वेगळा, तो टायरपेक्षा गुडघ्याला जास्त.

त्याच्याखाली आणि आजूबाजूला काळा दगड, बेसाल्ट. नदी-ओढ्यातला, पावसाने गोल झालेला काळा दगड टायरला फारसा त्रास देत नाही. पण तोच फोडला की त्याला सुरीसारखी धार येते. म्हणूनच रानातल्या जुन्या पायवाटेपेक्षा नव्याने खडी टाकलेला, अजून रोलर न फिरलेला रस्ता टायरला जास्त घातक असतो. नवख्या माणसाला हे पटत नाही. त्याला वाटतं, अवघड वाट संपली, आता रुंद रस्ता लागला, सोडा ब्रेक. आणि टायर तिथेच जातो. क्रशरची ताजी खडी पसरलेली दिसली की वेग कमी करून मधोमध, शक्य असेल तर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जावं. तिथली खडी दाबून बसलेली असते.

पूर्वेला गोकाककडे वाळूचा दगड आणि गारेच्या जातीचा कठीण दगड. त्याच्या फरश्या सुटतात, त्यांच्या कडा उभ्या राहतात. इकडे आणखी एक उपद्रव म्हणजे बाभळीचे काटे आणि सराटे. पण काटा आणि दगड यांचा उपाय वेगळा आहे. त्याचा विषय पुढे येतो.

एक गोष्ट कमी जणांच्या लक्षात येते. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, पाणी तिथे वंगणाचं काम करतं. शिवाय पावसाने वाटेवरची माती वाहून गेलेली असते, मातीत अर्धे गाडलेले दगड उघडे पडलेले असतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात टायर जास्त फाटतात ते यामुळे. मार्चमध्ये तीच वाट धुळीने भरून मऊ झालेली असते.

हवा: कमी वाईट, जास्तही वाईट

टायर फाटला की पहिला सल्ला मिळतो, "हवा जास्त ठेव." निम्माच खरा.

मागच्या चाकावर एकूण वजनाचा सुमारे साठ टक्के भार असतो. शंभर किलोतले साठ किलो, हवा २५ पीएसआय. हिशेब केला तर टायर जमिनीला टेकतो ती जागा सुमारे ३४ चौरस सेंटिमीटर येते. दोन काडेपेट्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर व्हावी तेवढी. सपाट जमिनीवर भार त्या सगळ्या जागेवर वाटला जातो. धारदार दगडावर तोच भार नखाएवढ्या जागेवर येतो.

हवा फार कमी असेल तर टायर पूर्ण दबतो आणि दगड व रिम यांच्यामध्ये चिमटला जातो. ट्यूब असेल तर तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी दिसतात म्हणून सायकलवाले त्याला तसंच नाव देतात. ट्यूबलेस असेल तर भोक टायरलाच पडतं, बहुधा कडेजवळ, जिथे दुरुस्ती सगळ्यात अवघड. वर रिमला पोचा पडतो तो वेगळाच. शिवाय कमी हवेचा टायर बाजूला जास्त फुगतो, म्हणजे भिंत आपणहून दगडापुढे करतो.

उलट हवा फार जास्त असेल तर कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणलेलं राहतं. दगड लागला की दबून त्याला कवेत घ्यायला त्याच्यात जागाच नसते. ताणलेलं कापड सैल कापडापेक्षा लवकर चिरतं, हे कात्री धरणाऱ्याला सांगायला नको. चाक उडतं, घसरतं आणि घसरताना बाजू दगडावर जाते.

मधला पट्टा शोधावा लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला, २९ इंची चाक, २.३ ते २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २७ पीएसआयपासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवून. टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. मग त्याच वाटेवर दोन-तीनदा जाऊन एकेक पीएसआयने बदल करत आपला आकडा ठरवायचा आणि तो लिहून ठेवायचा.

इथे अंगठ्याने दाबून बघणं चालत नाही. २२ आणि २७ मधला फरक अंगठ्याला कळत नाही, टायरला कळतो. पेट्रोल पंपावरचं मशीन मोटारीच्या हवेसाठी आहे, त्यावर दोन-तीन पीएसआयची चूक मोटारीला चालून जाते. सायकलसाठी हातपंप आणि छोटा डिजिटल गेज हवा. टायरच्या तुलनेत तो फारच स्वस्त पडतो.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक गमतीचा हिशेब. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर. इथे हवा भरून चोर्ला घाटाने सायकल गाडीवर टाकून खाली नेली तर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि गेजवर सुमारे सव्वा पीएसआय कमी दिसतं. दुसरीकडे, डिसेंबरच्या पहाटे पंधरा अंशांत भरलेला टायर दुपारी तेहतीस अंशांत अडीच पीएसआयने वर गेलेला असतो. म्हणून हवा घरी नाही, वाट सुरू होते तिथे तपासायची.

हलका टायर घेण्याचा मोह

दुकानातून नवी येणारी बेताच्या किमतीची गिअरची सायकल बहुधा तारेच्या कडेच्या टायरवर येते. कापड जाडं, इंचाला २७ किंवा ३० धाग्यांचं. जड असतो, पकड बेताची, पण बाजू राकट. सहा महिने तो विनातक्रार चालतो. मग मालक हौशीने "अपग्रेड" करतो. घडी घालता येणारा, इंचाला १२० धाग्यांचा, वजनाला बराच हलका टायर आणतो आणि पहिल्याच महिन्यात बाजू फाटते. पैसे जास्त दिले म्हणजे मजबूत, हा हिशेब इथे उलटा पडतो. त्याने मजबुती विकून हलकेपणा विकत घेतलेला असतो.

धाग्यांच्या आकड्याला टीपीआय म्हणतात. आकडा मोठा म्हणजे धागा बारीक आणि दाट, कापड मऊ. चालवायला छान. पण तेवढ्यावरून मजबुती कळत नाही. शिवाय काही कंपन्या सगळे थर मिळून धागे मोजतात, साठ-साठचे तीन थर असले की १८० लिहितात. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

बघायचं ते केसिंगचं नाव, जे बाजूलाच छापलेलं असतं. एकाच नक्षीचा, एकाच मापाचा टायर चार-चार प्रकारच्या केसिंगमध्ये येतो आणि आपण नक्षीचं नाव सांगून मोकळे होतो. मॅक्सिसच्या टायरवर एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन, डीएच असे शब्द दिसतात, या क्रमाने भिंत जाड होत जाते. एक्सो म्हणजे बाजूला संरक्षणाचा एक जादा थर, डबलडाउन म्हणजे पूर्ण कापडच दुहेरी. श्वाल्बेकडे सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी अशी चढती भाजणी आहे. कॉन्टिनेंटलने तर सरळ ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल असंच लिहिलं. २९ इंची, २.४ च्या आसपासच्या टायरचं वजन हलक्या शर्यतीच्या प्रकारात सातशे-साडेसातशे ग्रॅम, मधल्या प्रकारात नऊशे ते हजार, दुहेरी कापडात बाराशे-तेराशे. ऑनलाइन घेताना केसिंग लिहिलेलं नसेल तर वजन बघावं. भिंतीचा अंदाज त्यावरून बराच येतो.

आता कागदावर हिशेब मांडू. समजा पाच हजारांचा हलका टायर दोनशे किलोमीटरवर बाजूने फाटला. किलोमीटरला २५ रुपये पडले. मोटारीच्या पेट्रोलपेक्षा महाग. सहा हजारांचा जाड भिंतीचा टायर ठोकळे झिजेपर्यंत, समजा दोन हजार किलोमीटर टिकला, तर ३ रुपये. बदल्यात चाकामागे तीनशे ग्रॅम जास्त. शंभर किलोच्या डोलाऱ्यात तीनशे ग्रॅम म्हणजे ०.३ टक्के. अर्ध्या तासाच्या चढाला वजनाने पाच-सहा सेकंद जादा. जाड टायर थोडा सुस्त चालतो, तो फरक त्याहून जास्त जाणवतो, हे मान्य. तरी फाटलेला टायर घेऊन दहा किलोमीटर चालत येण्यापुढे तो काहीच नाही.

दोन्ही चाकांना सारखाच टायर हवा असंही नाही. फाटतो जास्त करून मागचा, कारण भार त्याच्यावर आणि दगड चुकवताना आपण बघतो फक्त पुढच्या चाकाकडे. मागचं चाक वळणावर थोडं आतून येतं आणि नेमकं त्या दगडावर जातं. म्हणून मागे जाड केसिंग आणि पुढे एक पायरी हलकं, हा अनेकांनी पैसे घालवून शिकलेला तोडगा आहे. रिमचं मापही बघावं. फार रुंद रिमवर अरुंद टायर चढवला तर तो चौकोनी होतो, बाजूची भिंत सरळ उभी राहते आणि कडेच्या ठोकळ्यांची सावली तिला मिळत नाही.

द्राव आहे ना, मग?

ट्यूबलेस टायरमध्ये पांढरा द्राव घालतात, बहुतेक प्रकार रबराच्या चिकाचे. २९ इंची टायरला शंभर-सव्वाशे मिलिलिटर लागतो. काटा लागला, सराटा टोचला की तो भोकात जाऊन गोठतो, आपल्याला कळतही नाही. पूर्वेकडच्या बाभळीच्या पट्ट्यात ही मोठीच सोय. पण याच अनुभवावरून माणूस समजतो की आता पंक्चर विसरा. चिरेला हे लागू नाही. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठं भोक बहुतेक द्राव बुजवू शकत नाहीत. शिवाय चाक फिरताना द्राव बाहेरच्या अंगाला, ठोकळ्यांखाली पसरतो, भिंतीपर्यंत कमी पोचतो. आणि भिंत सतत दबते-फुगते, त्यामुळे बसलेली गोळी पुन्हा निघते. आपल्याकडच्या उन्हात द्राव दोन-तीन महिन्यांत सुकतोही. टायर हलवून आतून खळखळ आली नाही तर तो संपला समजावं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकच्या पुढच्या चाकाची हवा गेली. चाक बदलेपर्यंत तो बराच मागे पडला आणि तरीही सुवर्णपदक घेऊन गेला. जगातला सर्वोत्तम टायर आणि सर्वोत्तम कारागीर हाताशी असूनही पंक्चर चुकलं नाही. मात्र त्याच्यासाठी वाटेत दुसरं चाक घेऊन माणसं उभी होती. जांबोटीपलीकडच्या रानात कुणी उभं नसतं. बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. खानापूरच्या जंगलात अस्वलं आणि गवे आहेत, संध्याकाळ झाली की गावकरीही एकटे फिरत नाहीत. सायकल ढकलत दहा किलोमीटर यायला तीन तास लागतात. तीन वाजता फाटलेला टायर म्हणजे अंधारात पायपीट. (भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचंच नाही, हे वेगळं सांगायला हवं.)

रानात फाटला तर

आधी चीर मोजायची. करंगळीच्या नखापेक्षा लहान असेल तर मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरला पंक्चरवाला जी चिकट वात घालतो, तशीच बारीक वात सायकलसाठी मिळते. ती सुईने ढकलायची, चीर वर ठेवून हवा भरायची, मग ती बाजू खाली करून पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे द्राव तिथे येतो. एक वात पुरली नाही तर दोन.

चीर मोठी असेल तर वेळ घालवू नये. ट्यूब टाकायची. पण ट्यूबच्या आधी दोन कामं, आणि घाईत दोन्ही राहतात. पहिलं, टायरच्या आतून फडकं फिरवून काटे काढायचे. ट्यूबलेस टायर महिनोन्महिने काटे गिळत असतो, आत त्यांची टोकं तशीच असतात. ते न काढता ट्यूब टाकली तर ती शंभर मीटरवर बसते आणि जवळ दुसरी ट्यूब नसते. फडकं वापरायचं, नुसतं बोट नाही. दुसरं, चिरेला आतून आधार द्यायचा. आपल्या पंक्चरवाल्यांच्या भाषेत गेटर. जुन्या टायरच्या बाजूचा बोटभर रुंद, चार बोटं लांब तुकडा पिशवीत टाकून ठेवला तर त्यासारखं काही नाही. नसेल तर टूथपेस्टच्या नळीचा तुकडा, फ्रूटीच्या खोक्याचा पुठ्ठा, चिप्सच्या पाकिटाच्या सात-आठ घड्या, अगदीच काही नसेल तर दहाची नोट घडी करून. आधार न देता ट्यूब फुगवली तर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते.

मग हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरायची, बसून नाही तर पेडलवर उभं राहून दगडांवरून हळू यायचं आणि दर दहा मिनिटांनी थांबून बघायचं. चिरेपाशी टेंगूळ दिसलं की हवा आणखी कमी. जवळचा डांबरी रस्ता गाठायचा, ठरवलेली फेरी पूर्ण करायची नाही.

म्हणजे सोबत काय लागतं? एक ट्यूब, आपल्या चाकाच्या मापाची आणि आपल्या रिमच्या भोकाला बसणाऱ्या व्हॉल्वची. ट्यूबलेस करून घेतलेले अनेक जण ट्यूब घरी ठेवतात किंवा मोटारच्या व्हॉल्वची जाड ट्यूब घेऊन जातात, जी बारीक भोकात जातच नाही. पंप, टायर उचलायच्या दोन पट्ट्या, वाती, गेटरचा तुकडा, फडकं. सगळं मिळून सीटखालच्या पिशवीत मावतं.

घरी आल्यावर टायर टाकायचा की ठेवायचा, हे तुटलेल्या धाग्यांवरून ठरतं. सेंटिमीटरच्या आतली चीर, कडेपासून दूर, असेल तर आतला द्राव पुसून, खरवडून, सोल्यूशन लावून जाड ठिगळ मारता येतं. काही जण मासेमारीच्या दोऱ्याने वाकड्या सुईचे टाके घालून वर ठिगळ लावतात, तेही टिकतं. पण असा शिवलेला टायर ट्यूब घालून मागच्या चाकाला आणि डांबरी किंवा मातीच्या सपाट वाटेपुरता. पुढच्या चाकाला कधीच नाही. मागचा टायर उतारावर सोडला तर सायकल फरफटते, पुढचा सोडला तर माणूस तोंडावर आपटतो. चीर कडेला लागून असेल, किंवा दोन सेंटिमीटरच्या वर असेल, तर त्या टायरचा उपयोग एकच, चार-पाच जणांना पुरतील एवढे गेटरचे तुकडे.

आणि न फाटलेल्या टायरकडेही महिन्यातून एकदा बघायला हवं. चाक उचलून हळूहळू फिरवायचं आणि फक्त बाजू बघायची, उजेडात. केसासारखे धागे सुटलेत का, द्रावाचे पांढरे ओले ठिपके आहेत का, कुठे टेंगूळ आहे का, बारीक भेगांचं जाळं पडलंय का. भेगा उन्हाने पडतात, अंगणात उघड्यावर सायकल उभी करणाऱ्यांकडे जास्त, फिक्या रंगाच्या भिंतीवर त्या लवकर दिसतात. सुटलेला धागा ओढून तोडायचा नाही, कापायचा, कारण ओढला की तो आणखी उसवतो. जिथे धागे दिसतात तिथे खडूने खूण करून पुढच्या महिन्यात ती जागा वाढली का ते बघायचं. वाढली असेल तर तो टायर रानात न्यायचा नाही.